साताऱ्याच्या डोंगरांत पाच दिवस पायी: बेत कसा आखावा

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या, त्यांचे यजमान आणि पाच स्नेही असे सात जण, वय 52 ते 68, दिवाळीनंतर पाच दिवसांची सुट्टी साताऱ्याच्या डोंगरांत पायी हिंडून घालवणार आहेत. सोबत माहितगार मार्गदर्शक हवा आहे. दोघांचे गुडघे अधूनमधून दुखतात, एकांना मधुमेह आहे, आणि कृष्णेच्या घाटावर रोज तासभर फिरण्याची सवय सर्वांना आहे. पाहायच्या ठिकाणांची यादी त्यांनी केली आहे: कासची फुले, वासोटा, कमळगड, सज्जनगड, प्रतापगड आणि महाबळेश्वर. हे सगळे पाच दिवसांत बसेल का, रोज किती चालावे आणि मार्गदर्शक कसा पारखावा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

बाई, गेली चोवीस वर्षे मी याच डोंगरांत लोकांना पायी फिरवतो आहे, म्हणून आधी स्पष्ट उत्तर देतो. ही यादी पाच दिवसांत बसणार नाही, आणि ओढूनताणून बसवली तर तिसऱ्या दिवसापासून आपल्यातले निम्मे लोक गाडीतच बसून राहतील. सहापैकी तीन ठिकाणे ठेवावीत. कोणती ठेवायची हे त्या ठिकाणांच्या कीर्तीवरून ठरवू नये. आपल्यातला सर्वांत सावकाश चालणारा माणूस कोणता उतार दुखापतीशिवाय उतरू शकेल, यावरून ठरवावे. माझे पुढचे सगळे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे.

चढाची भीती सगळ्यांना वाटते, उताराचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. चढताना दम लागतो, माणूस आपोआप थांबतो, पाणी पितो, आणि दहा मिनिटांत पुन्हा ताजातवाना होतो. उतरताना दम लागत नाही, त्यामुळे थांबावेसेही वाटत नाही. पण प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात आणि गुडघ्यावर वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. या ताणाची वेदना त्याच दिवशी कळत नाही. ती चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी वर येते. सोमवारी वासोटा उतरलेल्या माणसाला मंगळवारी बरे वाटते आणि बुधवारी सकाळी पलंगावरून उठताना मांड्या धरतात. पाच दिवसांचा बेत आखताना ही गोष्ट ठाऊक नसली, तर मोठ्या उताराला लागून आणखी एक मोठा उतार येतो आणि सुट्टी तिथेच संपते.

हे शहाणपण आपल्याकडे नवीन नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे टप्पे पाहा. पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा टप्पा सुमारे 32 किलोमीटरांचा, साऱ्या वाटेतला सर्वांत मोठा; आणि म्हणूनच सासवडला पालखी दोन रात्री थांबते. नीरा ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात लोणंदला येते, तिथून तरडगावपर्यंतचा टप्पा अगदी लहान आहे आणि त्याच वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते. वाटेत न्याहारीचा विसावा, दुपारचा विसावा ठरलेला असतो. म्हातारी माणसे, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, अनवाणी चालणारे लोक या मापाने पंढरपूरपर्यंत जातात. पायी सुट्टीचा बेत करणाऱ्याने हे वेळापत्रक एकदा शांतपणे वाचावे. मोठ्या दिवसानंतर हलका दिवस, आणि रोजच्या वाटेत ठरलेला विसावा, एवढे त्यातून उचलले तरी पुरे आहे.

आता रोज किती चालावे, हा प्रश्न. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही वापरला जातो: सपाट अंतराला ताशी सुमारे 5 किलोमीटर, आणि प्रत्येक 600 मीटर चढाईसाठी एक तास जास्तीचा. हा हिशेब थंड हवेतल्या धडधाकट माणसाचा आहे, त्यात विश्रांती धरलेली नाही. सह्याद्रीत, आपल्या वयाच्या गटासाठी, मी ताशी 3 किलोमीटर आणि दर 300 मीटर चढाईला एक तास असे धरतो, उतारालाही चढाच्या पाऊणपट वेळ देतो, आणि या सगळ्यावर दर तासाला दहा मिनिटे बसण्याची ठेवतो. एका दिवसात चालण्याचे एकूण पाच तास आणि 350 मीटरांपर्यंत चढउतार, ही आपल्यासाठी योग्य मर्यादा आहे. पाच दिवसांत एकदाच ती ओलांडावी. त्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी काही अवघड ठेवू नये.

या मापाने वासोटा तपासून पाहू. बामणोलीहून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोटीने मेट इंदवलीच्या काठाला उतरायचे, वनविभागाच्या चौकीवर नोंद करायची आणि दाट जंगलातून चढायचे. कोयना धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 659 मीटर असते आणि वासोट्याचा माथा 1171 मीटरांच्या आसपास आहे, म्हणजे चढ पाचशे मीटरांहून थोडा जास्तच पडतो. एका बाजूचे अंतर 4 ते 5 किलोमीटर. आपल्या गटाला वर जायला तीन तास, माथ्यावर एक तास, उतरायला अडीच तास लागतील. बोटीचा वेळ दोन्ही बाजूंचा मिळून अडीच ते तीन तास. हे सगळे मिळून नऊ-साडेनऊ तास होतात. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि कोयनेच्या खोऱ्यात डोंगराची सावली त्याच्या बरीच आधी पडते. किल्ल्यावर किंवा जंगलात मुक्कामाला परवानगी नाही, कारण हा कोयना अभयारण्याचा आणि म्हणून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. याचा अर्थ सकाळी साडेसातला बोट सुटलीच पाहिजे, आणि तसे होण्यासाठी आदली रात्र बामणोलीतच काढली पाहिजे. साताऱ्याहून सकाळी निघून वासोटा करून परत, असा कार्यक्रम कोणी आपल्यासमोर ठेवला तर तो तरुणांसाठी आखलेला आहे असे समजावे.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी अकरा जणांचा गट घेऊन वासोट्याला गेलो होतो. झपाझप चालणारे पुढे गेले आणि मी त्यांना पुढे जाऊ दिले, कारण त्यांचा हिरमोड करणे जिवावर आले. मागे राहिलेल्या एका बाईंना पुढच्यांना गाठण्याच्या ओढाताणीत विसावाच मिळाला नाही. प्रत्येक थांब्यावर त्या पोहोचल्या की पुढचे उठून चालू लागत. उतरताना अर्ध्या वाटेत त्यांचा गुडघा अडकला. खांद्याचा आधार देत काठापर्यंत आणेतो अंधार पडला. नावाडी थांबला होता, म्हणून निभावले. दोष पूर्णपणे माझा होता. त्या दिवसापासून माझ्या गटात सर्वांत सावकाश चालणारी व्यक्ती माझ्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर असते आणि बाकीचे सगळे तिच्या मागे. पुढच्यांना थोडा धीर धरावा लागतो, पण त्यांना सुपारीएवढ्या कोळ्याचे जाळे दिसते, शेकरूचा आवाज येतो, वाटेवरचा गव्याचा खूर ओळखता येतो. भरभर चालणाऱ्यांनीच नंतर या पद्धतीचे आभार मानल्याचे मी अनेकदा ऐकले आहे.

दुसरी अडचण ऋतूची आहे. कासची फुले आणि वासोटा ही दोन्ही एका सहलीत नीट मिळत नाहीत. कास पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंचीवर आहे. खाली काळा कातळ, वर जांभ्याचा थर आणि त्यावर जेमतेम काही बोटे माती. पावसाळाभर ती माती पाण्याने भिजलेली राहते, तिच्यात अन्नद्रव्ये फार कमी असतात, आणि म्हणून तिथे मोठी झाडे वाढत नाहीत. अल्पायुषी लहान वनस्पती मात्र थव्याने उगवतात. सीतेची आसवे ही निळीजांभळी फुले ज्या वनस्पतीची आहेत, ती तर बारीक जीव पकडून अन्नाची उणीव भरून काढते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत दर आठवड्याला पठाराचा रंग बदलतो: गेंदाचा पांढरा, तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा. डबक्यांत वायतुरा फुलतो. साताऱ्याचे नाव त्याच्या शास्त्रीय नावातच आहे. कारवीची गोष्ट निराळी, ती सात वर्षांनी एकदा सगळी मिळून बहरते. पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत हे पठार आहे. दिवाळीनंतर आपण जाल तेव्हा तिथे वाळलेले गवत असेल. वासोट्याचे जंगल मात्र पावसाळ्यात बंद असते आणि साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतरच उघडते. फुले हवी असतील तर सप्टेंबर, वासोटा हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दोन्हींसाठी दोन वेगळ्या सुट्ट्या काढाव्यात, असे मी आपुलकीने सुचवतो.

सप्टेंबरची सुट्टी काढलीच, तर एक जुनी युक्ती सांगतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशे. एकाच जिल्ह्यातली ही तफावत पायी फिरणाऱ्याच्या फार उपयोगाची आहे. पश्चिमेला धो धो पाऊस लागला आणि कासच्या धुक्यात दहा पावलांवरचे दिसेना, की मी गट घेऊन पूर्वेला जातो. सातारा-पंढरपूर रस्त्यावरचा वर्धनगड आणि पुढे दहिवडीच्या बाजूचा महिमानगड हे दोन्ही लहान, नेटके किल्ले आहेत. चढ थोडा, तटबंदी चांगली, आणि त्या दिवसांत हिरव्या रानावर ढगांच्या सावल्या पळताना दिसतात. बहुतेक सहलींत या किल्ल्यांचे नावही नसते, याचे मला नेहमी वाईट वाटते. फुलांच्या दिवसांत कासला रोज किती माणसे सोडायची यावर मर्यादा असते, आगाऊ नोंदणी लागते आणि आसपासच्या गावांच्या समित्या तिथली व्यवस्था पाहतात. शनिवार-रविवार टाळावा आणि आखलेल्या वाटेवरूनच चालावे. त्या बोटभर मातीवर पडलेला बुटाचा ठसा लवकर भरून येत नाही.

आपल्या नोव्हेंबरच्या पाच दिवसांसाठी मी पुढीलप्रमाणे आखणी करीन. पहिल्या दिवशी सकाळी सांगलीहून निघून दुपारपर्यंत साताऱ्याला यावे, जेवून विश्रांती घ्यावी आणि चार वाजता अजिंक्यताऱ्यावर जावे. शहरातून चढ सुमारे 300 मीटरांचा आहे आणि रस्ता थेट वरपर्यंत आहे, त्यामुळे कोणाला वाटेतच थांबावेसे वाटले तर गाडी बोलावता येते. हा पहिला दिवस मार्गदर्शकासाठी परीक्षेचा असतो. कोण कसे पाऊल टाकतो, कोणाचे बूट नवे आहेत, कोण पाणी पीत नाही, कोण दुखणे लपवतो, हे त्या दोन तासांत त्याने पाहून घ्यायचे असते. वरून सज्जनगड, यवतेश्वराचा डोंगर, जरंडेश्वर दिसतात, आणि पुढच्या दिवसांची वाट नकाशावर दाखवण्याऐवजी बोटाने दाखवता येते.

दुसरा दिवस कासचा, फुलांविना. ज्या जुन्या वाटेला इथले लोक राजमार्ग म्हणतात, ती कासहून महाबळेश्वराच्या दिशेने जाते. त्या वाटेने कुमुदिनी तलाव आणि पुढे जमेल तितके चालून परत फिरावे. वाट जवळजवळ सपाट आहे, पायाखाली जांभा, दोन्ही बाजूंना दऱ्या, आणि एका बाजूला खाली कोयनेचे पाणी चमकत असते. माझ्या मते साताऱ्यातली चालण्यासाठी सर्वांत सुंदर वाट हीच आहे. तिच्यावर कोणता किल्ला नाही, कोणते स्थळ नाही, म्हणून सहलीच्या पत्रकांत तिला क्वचितच जागा मिळते. सकाळी सातला चालायला लागलात तर गवतावरच्या दवाने पँटचे पाय भिजतील, आणि दहाच्या आत माळावर एकही माणूस भेटणार नाही. संध्याकाळी घाट उतरून बामणोलीला मुक्काम करावा.

तिसरा दिवस वासोट्याचा, वर सांगितलेल्या हिशेबाने. ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी झुंज दिली तो हा किल्ला; माथ्यावर मारुती, महादेवाचे देऊळ, पाण्याची टाकी आणि पलीकडे कोकणाकडे सरळ तुटलेला बाबूकडा. गुडघ्याचा त्रास असलेल्या दोघांनी त्या दिवशी वर जाण्याचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी त्याच दिवशी बोटीतून जलाशयात फेरी आणि काठावरच्या गावातून दीड-दोन तासांचे सपाट चालणे, असा वेगळा कार्यक्रम आधीच ठरवून ठेवावा. गटाचे दोन भाग करायचे तर दुसरा माहितगार माणूस लागतो. तो खर्च अवश्य करावा. चौथा दिवस सासवडच्या मुक्कामासारखा. उशिरा उठावे, न्याहारी करून साताऱ्याकडे परतावे, दुपारनंतर सज्जनगडावर जावे. गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या आहेत. समर्थांच्या समाधीपाशी बसावे, प्रसादाची वेळ असेल तर तिथेच जेवावे. पाचव्या दिवशी पाय कसे आहेत ते पाहून वाईला जावे, मेणवलीच्या घाटावर आणि कृष्णेच्या काठाने तास-दोन तास चालावे आणि तिथून घरी निघावे.

प्रतापगड आणि महाबळेश्वर मी मुद्दाम वगळले आहेत. ती ठिकाणे कमी मोलाची आहेत असे अजिबात नाही. 10 नोव्हेंबर 1659 चा दिवस ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी घडला, तो प्रत्येक मराठी माणसाने पाहावा. पण गाडी किल्ल्याच्या जवळ जाते, पायऱ्या बांधलेल्या आहेत, आणि घरच्या मंडळींबरोबर तो केव्हाही एका दिवसात पाहता येतो. मार्गदर्शकासह पायी हिंडण्याचे पाच दिवस त्यावर खर्च करू नयेत. कमळगडाचे कारण निराळे आहे. धोम धरणाच्या पाण्याजवळून निघून माथ्यापर्यंत चढ सहाशे मीटरांच्या आसपास भरतो, म्हणजे तो वासोट्याहून मोठा आहे, आणि परतीचा उतार काही ठिकाणी घसरडा आहे. वरची गेरूच्या लाल भिंतींची, पायऱ्यांनी आत उतरत जाणारी विहीर मला फार आवडते, तरीही एका आठवड्यात वासोटा आणि कमळगड हे दोन्ही मी आपल्या गटाला नेणार नाही.

मार्गदर्शक कसा पारखावा, याबद्दल. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यानुसार अशा सहली काढणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती झाली आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी, केव्हा घेतले, हेही विचारावे. पण नोंदणीचा कागद पाहून जे कळत नाही, ते दोन-तीन साध्या प्रश्नांतून कळते. पहिला: मागच्या वर्षभरात तुम्ही अर्ध्या वाटेतून परत फिरलात, असे केव्हा झाले आणि का? जो म्हणेल की आम्ही कधीच परत फिरत नाही, त्याच्याबरोबर जाऊ नये. दुसरा: आमच्यातल्या एकाला चालणे अशक्य झाले, तर या वाटेवरून त्याला कसे आणाल, कोणत्या गावातून माणसे येतील, गाडी कुठवर येते? चांगला माणूस लगेच गावांची आणि पायवाटांची नावे सांगू लागतो. तिसरा: शेवटी कोण चालणार? आठ माणसांच्या गटाला पुढे एक आणि मागे एक, असे दोन माहितगार असावेत. मागचा माणूस त्याच खोऱ्यातला असेल तर उत्तम. बामणोली, तापोळा, कांदाटी खोऱ्यातल्या लोकांना कोणत्या ओढ्याला नोव्हेंबरात पाणी असते, अस्वल कोणत्या बाजूला दिसले, आग्या मोहोळ यंदा कोणत्या कड्याला लागले आहे, हे तोंडपाठ असते. यातल्या कित्येकांच्या वाडवडिलांची शेते आणि घरे कोयनेच्या पाण्याखाली गेली आहेत. त्यांना योग्य मोबदला मिळतो का, हेही विचारून घ्यावे. आपण ज्या डोंगरांत हिंडायला जातो, तो त्यांचा आहे.

धोक्यांपैकी दोनच गोष्टी विस्ताराने सांगतो. आग्या मोहोळाच्या माश्या सुगंधाने, धुराने आणि गोंगाटाने चवताळतात. अत्तर, सुवासिक तेल लावून जंगलात जाऊ नये, कड्याखाली चूल पेटवू नये, आरोळ्या मारू नयेत. माश्या उठल्याच, तर हात न झटकता तोंड-डोके झाकून तिथून दूर व्हावे. दुसरी गोष्ट सापाची. फुरसे दगडांच्या फटीत असते आणि दगडांच्या रंगात मिसळून जाते, म्हणून न पाहता दगडावर हात टेकू नये, बसण्यापूर्वी काठीने जागा पाहावी. दंश झालाच तर आवळपट्टी बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काही करू नये; पाय न हलवता माणसाला उचलून न्यावे आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर पोहोचवावे. 108 वर रुग्णवाहिका मिळते, पण वासोट्याच्या जंगलात फोन लागेलच असे नाही, म्हणून बोट काठालाच थांबवून ठेवण्याचा करार आधी करावा. हा करार पैसे वाचवण्यासाठी टाळलेला मी पाहिला आहे, आणि ते मला अजिबात पटत नाही.

मधुमेह असलेल्या स्नेह्यांनी डॉक्टरांशी बोलून चालण्याच्या दिवसांपुरती औषधाची मात्रा बदलायची का, हे ठरवून घ्यावे. साखर अचानक उतरण्याची शक्यता चालून आल्यावर रात्रीही असते, म्हणून उशाशी खाण्याचे काहीतरी ठेवावे. त्यांच्या पायांवर फोड येणार नाही याची काळजी इतरांपेक्षा जास्त घ्यायला हवी: वापरून मऊ झालेले बूट, दोन जोड मोजे, आणि दर विसाव्याला बूट काढून पाय पाहणे. मार्गदर्शकाला त्यांच्या आजाराची माहिती पहिल्याच दिवशी द्यावी. अनेक जण ती लपवतात आणि मग पस्तावून उपयोग होत नाही.

मुक्काम ठरवताना गादी-उशीपेक्षा आधी स्वच्छतागृह कसे आहे ते विचारावे. मोठ्या उताराच्या दुसऱ्या दिवशी उकिडवे बसणे किती कठीण होते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच ठाऊक. जेवणाची चिंता करू नका. कास, बामणोलीकडे घरगुती मुक्कामात नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, पिठले, घेवड्याची उसळ आणि खर्डा मिळतो, आणि चालून आलेल्या माणसाला त्याहून चांगले काही नसते. प्रत्येकाने तीन लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर न्यावे. दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात. बाजारातल्या महागड्या काठ्यांऐवजी बांबूच्या चालतील, उंची कोपराएवढी असावी. उतरताना भार काठ्यांवर टाकता आला की गुडघ्याचे दुखणे कमी होते. निघण्याच्या आदल्या दिवशी पायांची नखे कापावीत, नाहीतर उताराला बुटाच्या टोकावर आपटून ती काळी पडतात.

राहिली तयारी. कृष्णेच्या घाटावर रोज तासभर फिरता ही चांगली सवय आहे, पण ती सपाटीची आहे आणि तिने उतरण्याचे स्नायू घडत नाहीत. आजपासून आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, घराच्या जिन्यावरून दहा वेळा खाली उतरावे. वर जाताना हवे तर थांबत थांबत जावे, पण उतरणे सावकाश, पाऊल पूर्ण टेकवून, कठड्याला हात लावून करावे. दर रविवारी सगळ्यांनी मिळून मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर जावे आणि जे बूट साताऱ्याला घालणार तेच घालावेत. सहाव्या रविवारी पाठीवर पाणी आणि डबा घेऊन दंडोबा दोनदा चढावा आणि उतरावा. त्यानंतर दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, जिना उतरताना सातही जणांचे गुडघे आणि मांड्या कशा आहेत ते एका कागदावर लिहून मला पाठवा. वासोट्याला कोणी वर जायचे आणि कोणी बामणोलीच्या काठाने चालायचे, ते त्या कागदावरून ठरवू आणि मगच बोट सांगू.